डावा खण

डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या घोड्याच्या टापा मी पुष्कळदा ऐकल्या आहेत. कुंपण कुठेतरी तुटतं, घोडं सुटतं आणि रात्रीचं रस्त्यावर येतं. त्यात विशेष काही नाही. पण खूप वर्षांपूर्वी एका रात्री मी ज्या टापा ऐकल्या, त्या मोटारगाडीच्या वेगानं धावत होत्या.

मी तेव्हा तुमच्याहून थोडासाच मोठा होतो. बॅजर ओढ्याच्या पुलाजवळ, रस्त्याला लागूनच आमचं घर होतं. ऑक्टोबर संपत आला होता. दिवसभराचं काम आटोपून मी पायरीवर बूट काढत बसलो होतो, तेवढ्यात वळणावर दिवे दिसले. एक पिकअप गाडी, मागे घोड्याचा ट्रेलर. आणि गाडीबरोबर टापा. गाडीच्या पुढे नाहीत, मागे नाहीत. बरोबर. मी एका पायात बूट घालून कुंपणापर्यंत गेलो. रस्त्यावर घोडं नव्हतंच. मागचे लाल दिवे पुलावरून पलीकडे गेले, टापाही गेल्या. मग त्या अडखळायला लागल्या. मग काहीतरी ओढत नेल्यासारखा आवाज आला आणि तो बराच वेळ येत राहिला. गाडी काही थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं. हार्लन क्रेब्ज आपल्या मुलीचा घोडा बाजारात विकायला निघाला होता. ट्रेलरच्या डाव्या खणातल्या, तळाच्या फळ्या कुजलेल्या. वरून रबर अंथरलेलं, म्हणून दिसत नव्हत्या. वाटेत त्या मोडल्या. घोड्याचं डोकं पुढे बांधलेलं, मागे साखळी, आणि पाय खाली रस्त्यावर. पुढचं सांगत नाही. लोकांनी हार्लनला विचारलं, तुला ऐकू कसं आलं नाही? तो म्हणाला, आलं की. लाथा मारतोय असं वाटलं. लाथेसाठी मी गाडी थांबवत नाही.

आज हे आठवायचं कारण म्हणजे, मघाशी तुम्ही त्या नव्या पोराच्या ट्रेलरला हसत होतात. हसा. गंजका आहे, हसण्यासारखाच आहे. त्याला लागलं, पण त्यानं ते दाखवलं नाही, एवढंच. तेव्हा घरी निघायच्या आधी नेलची गोष्ट ऐकून जा. नेल म्हणजे आमच्या रोल्फ ऑस्टगार्डची मुलगी. तुमच्यातल्या मोठ्यांना ती आठवत असेल. मी तिथं नव्हतो. पण तिनं स्वतः, आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मला जे सांगितलं, तेच सांगतो. पदरचं काही घालत नाही. आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं त्या बादलीत थुंका. माझ्या बुटांवर नको.

नेल लहान असताना, मार्चच्या हिमवादळात रोल्फची एक घोडी विताना मेली. शिंगरू तेवढं जगलं. रोल्फ म्हणाला, हे काही वाचत नाही, पोरी, जीव लावू नकोस. नेलनं ते उचलून घरात आणवलं, स्टोव्हपाशी ठेवलं, स्वतःच्या अंथरुणावरची गोधडी त्याच्यावर घातली आणि रात्र रात्र उठून बाटलीनं दूध पाजलं. पाजताना ती जिभेनं टक्‌टक् असा आवाज करायची. करड्या अंगावर पांढरे ठिपके होते, म्हणून नाव ठेवलं मार्बल. ती वाचली. वाढून चांगली उंचपुरी घोडी झाली, तरी स्वयंपाकघराचं दार उघडं दिसलं की डोकं आत घालायची. रोल्फ म्हणायचा, हिला आपण घोडी आहोत हे कुणी सांगितलेलंच नाही. नेलला आई नव्हती, भावंडं नव्हती. ही घोडी होती. ज्या रात्रीची ही गोष्ट आहे, त्या रात्री जे झालं, ते हिच्याच जिवावर बेतलं होतं.

आता नुसती घोडी असून भागत नाही. पिंपांभोवती घोडी फिरवायच्या शर्यतीत उतरायचं, जत्रेला जायचं, तर ट्रेलर लागतो. रोल्फला तो परवडत नव्हता. त्याच वर्षी म्हातारी आयडा, हार्लनची बायको, कायमची मुलीकडे राहायला निघाली होती. नेलनं उन्हाळाभर तिचा गोठा साफ करून दिला. आयडा म्हणाली, शेडच्या मागे काटेरी गवतात एक ट्रेलर पडलाय, हवा तर घेऊन जा.

तो तोच होता. हार्लन मरून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. अंथरुणात गेला, झोपेत. त्याला काही झालं नाही.

मी रोल्फला सांगितलं, अरे, हा हार्लनचा तो ट्रेलर आहे. तो म्हणाला, लायल, दोष फळ्यांचा होता, फळ्या बदलतो. मग मी नेललाही सांगितलं, कारण तिला ठाऊक असायला हवं होतं. तिनं त्या गंजक्या लोखंडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं याच्याकडे कुणी फिरकलंच नाही."

अशी होती ती.

बापलेकीनं ओकच्या जाड, नव्या फळ्या बसवल्या. वर घालायला रबर नव्हतं, तर साखर कारखान्यातला बीट वाहून नेण्याचा जुना पट्टा कापून अंथरला. छपराची भोकं डांबरानं बुजवली. एका चाकावरचा पत्रा निळा, दुसऱ्यावरचा कुठल्या तरी भलत्याच गाडीचा. मागचा एक दिवा तारेनं बांधलेला. गोठ्याला लावून उरलेला लाल रंग नेलनं ब्रशनं फासला, जवळून बघितलं की फराटे दिसायचे. गवताची जाळी तिनं गठ्ठे बांधायच्या दोरीतून विणली. आणि दर वेळी, घरातून निघताना आणि परत निघताना, ती ट्रेलरखाली सरपटत जायची आणि स्क्रूड्रायव्हर टोचून एकेक फळी तपासायची. केसांत गवत अडकलेलं, कोपरं मातीनं भरलेली. तशीच मग गाडीत चढायची.

मागून बघितलं तर दोन उभे खण, वर गोल छप्पर. ब्रेड भाजायचं यंत्रच. पोरं त्याला टोस्टर म्हणत. ती मैदानात शिरली की कुणीतरी ओरडायचं, नेल, आमचे दोन स्लाइस टाक गं. ती खिडकीतून हात काढून म्हणायची, लोणी तुमचं तुम्ही आणा. आपणही हसलो की समोरचा दमतो, असं तिला वाटायचं. तसं होत नाही. लोक दमत नाहीत.

तर ट्रेलर चालता झाला. एकच अडचण होती. मार्बल डाव्या खणात चढायची नाही.

आता घोडं एकटंच न्यायचं असलं की ते डावीकडेच ठेवायचं, हे तुम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकलं आहे. आपण रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतो, रस्ता कडेला उतरता असतो, घोडं उजवीकडे ठेवलं तर सगळं वजन चराकडे झुकतं. नियम बरोबर आहे. पण मार्बल डाव्या खणापाशी आली की थांबायची. उधळायची नाही, लाथ मारायची नाही. मान खाली घालून त्या फळ्यांकडे बघत राहायची. कान पुढे. जसं आपण विहिरीत डोकावतो. उजव्या खणात मात्र मांजरासारखी चढायची. म्हणून नेलनं तोड काढली. घोडी उजवीकडे, आणि डाव्या खणात तोल सांभाळायला वाळूची पोती. बिघडलं कुणाचं? कुणाचंच नाही. पण लोकांना ते बघवेना.

सगळ्यांत जास्त बघवेना डिट्मरबाईंना. त्या तेव्हा मुलांच्या घोडेक्लबच्या प्रमुख होत्या. त्यांचा स्वतःचा ट्रेलर चांदीसारखा चकचकीत, त्यात पुढच्या बाजूला पलंग आणि आरसा. घोड्यातलं त्यांना कळायचं, नाही असं नाही. पण एखादी गोष्ट नियमाबाहेर दिसली की त्यांना ती आपल्या तोंडावर केल्यासारखी वाटायची. घोडीनं ठरवायचं आणि मुलीनं ऐकायचं, असं त्या नेलबद्दल चारचौघांत बोलायच्या, नेल ऐकेल इतक्या मोठ्यानं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑगस्टचा तिसरा शनिवार, जत्रेची शेवटची रात्र. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. काम साधंच होतं. दहा वाजता जनावरं सोडतात, आपली घोडी घेऊन घरी जायचं. रोल्फ आला नव्हता. वाळलेलं गवत दव पडल्यावरच बांधावं लागतं, त्यामुळे तो रात्रभर शेतात ट्रॅक्टरवर असणार होता. नेल एकटीच होती, आणि हा रस्ता तिनं कितीतरी वेळा एकटीनं केला होता.

फाटकापाशी गाड्यांची रांग लागली होती. नेलनं ट्रेलर उघडला, नेहमीप्रमाणे खाली जाऊन फळ्या टोचून बघितल्या आणि घोडी उजव्या खणाकडे वळवली. तेवढ्यात डिट्मरबाई आल्या. त्यांचा ट्रेलर नेलच्या मागेच अडकला होता.

"ती वाळू काढ," त्या म्हणाल्या.

नेलनं सांगितलं की घोडी डावीकडे चढत नाही.

"चढत नाही, की तू चढवत नाहीस? आज या सगळ्यांसमोर चढेल. नाहीतर पुढच्या वर्षी तुझं नाव क्लबात नसेल. तुझ्या लाडांपायी एक दिवस हा डबा चरात जाईल आणि लोक मला विचारतील."

मागून कुणीतरी भोंगा वाजवला. एकजण ओरडला, टोस्टर बिघडला रे! दुसरा म्हणाला, चाकूनं उकरून काढा! सगळे हसले. नेल पोती काढायला लागली. कुणी हात लावला नाही. पोती काढून होईपर्यंत दोन पोरांनी घोडीच्या मागून दोर ताणला होता आणि तिसरा झाडू घेऊन उभा होता. मार्बलनं पुढचे पाय मातीत रोवले. झाडूचा फटका बसला, तरी तिनं मागे वळून बघितलं नाही. ती त्या रिकाम्या खणाकडेच बघत होती. तिचं कातडं थरथरत होतं, माशी बसल्यावर थरथरतं तसं, पण सगळ्या अंगावर.

दोरानं आणि झाडूनं ती चढली नसती, हे नेलला माहीत होतं. तिला हेही माहीत होतं की घोडी कशानं चढेल. तिला फक्त तो झाडू थांबवायचा होता. ती स्वतः डाव्या खणात शिरली, पुढे जाऊन उभी राहिली, आणि जिभेनं तो आवाज केला. दूध पाजतानाचा.

मार्बल चढली. नेल आत होती म्हणून चढली.

डिट्मरबाईंनी स्वतः मागची साखळी अडकवली आणि दारावर थाप मारली. निघताना त्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, वाटेत लाथा मारेल, थांबायचं नाही. एकदा थांबलीस की तिला कळतं, लाथ मारली की गाडी थांबते. मग ती जन्माची बिघडली.

नेलनं मान हलवली.

बराच वेळ काही झालं नाही. खिडकी उघडी होती. कापलेल्या गवताचा वास येत होता. लांब शेतांत ट्रॅक्टरचे दिवे फिरत होते, त्यांतला एक बापाचा असेल असं तिला वाटलं. पुढच्या मागच्या गाड्या आपापल्या फाट्यांना वळत गेल्या. बॅजर ओढ्याच्या अलीकडे शेवटची गाडी वळली. मग रस्त्यावर ती एकटीच.

पुलावर पहिली लाथ बसली.

मग दुसरी. सगळी गाडी हादरली. नेलचा पाय ब्रेकवर गेला, आणि तिनं तो परत घेतला. बापानंही तिला तेच शिकवलं होतं. लाथेला थांबायचं नाही. ती मोठ्यानं बोलायला लागली. मागे ऐकू जात नाही हे माहीत असून बोलत राहिली. झालंच गं. आता वळण. मग आपला फाटा. मग घर.

लाथा थांबल्या.

तिला हायसं वाटलं. तिनं सुस्कारा टाकला...

आणि टापा ऐकू आल्या.

आधी तिला वाटलं, कुणाचं तरी घोडं सुटलंय. तिनं आरशात बघितलं. तारेनं बांधलेल्या दिव्याचा लाल उजेड रस्त्यावर पडला होता. रस्ता रिकामा होता. तिनं वेग कमी केला. टापा हळू झाल्या. तिनं वेग वाढवला. टापा वाढल्या. पुढे नाहीत. मागे नाहीत. बरोबर.

फळ्या नव्या आहेत, ती मनात म्हणाली. आताच बघितल्यात. नव्या आहेत.

तिनं पाय ब्रेककडे नेला.

"थांबू नकोस."

आवाज शेजारच्या सीटवरून आला.

तिनं मान वळवली नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून एक हात दिसत होता. गुडघ्यावर ठेवलेला. जाड, तपकिरी कोटाची बाही. ऑगस्टमध्ये कोट. गाडीत चघळायच्या तंबाखूचा वास भरला होता.

"लाथ मारतेय. मारू दे."

रागावलेला आवाज नव्हता तो, नेल म्हणाली. मोठी माणसं लहानांना समजावतात, तसा होता. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

हात उठला. पुढे आला. रोल्फच्या त्या गाडीत रेडिओ नाही. कधीच काढून टाकलाय, नुसतं भोक आहे, वायरी लोंबतात. बोटं त्या भोकात गेली. काहीतरी फिरवल्यासारखी फिरली.

गाणं लागलं.

मोठ्यानं. आणखी मोठ्यानं. तरी त्याखालून टापा ऐकू येत होत्या. आता एकसारख्या नव्हत्या. एक टाप चुकली. मग पुन्हा एक.

तिला पाय उचलायचा होता. पाय उचलेना. तिच्या पायावर दुसरा पाय होता. बूट. जड. तो खाली दाबत होता. सावकाश. वेगाचा काटा वर चढत होता.

"थांबलीस, की ती शिकेल."

"माझी घोडी आहे ती," नेल म्हणाली.

बूट आणखी दाबला गेला.

मागे... घसटण्याचा आवाज.

त्या रात्री तिनं एकदा डिट्मरबाईंचं ऐकलं होतं. सगळ्यांसमोर, मान खाली घालून. आता नाही ऐकलं. पाय उचलत नव्हता, पण हात मोकळा होता. तिनं किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

स्टिअरिंग दगडासारखं झालं. मागून ट्रेलरनं ढकललं. गाडी आडवी झाली, सरळ झाली, पुढचं चाक चरात उतरलं आणि सगळं थांबलं. गाणं थांबलं.

शेजारची सीट रिकामी होती. त्या बाजूचं दार उघडं होतं.

खडीवर बुटांचा आवाज... ट्रेलरच्या दिशेनं चाललेला.

गाडी उभी होती. टापा थांबल्या नव्हत्या.

नेल उतरून धावली. ती डाव्या बाजूनं, तो उजव्या बाजूनं. मधे ट्रेलर. दिसत काही नव्हतं. पावलं तेवढी ऐकू येत होती. तिनं पुढचं छोटं दार उघडून फोनचा उजेड आत मारला. मार्बलचे डोळे पांढरे झाले होते. तोंडाला फेस. छाती भात्यासारखी हलत होती. नेलनं उजेड खाली नेला.

गुडघ्यापर्यंत पाय दिसले.

गुडघ्याखाली... काही नाही. काळोख.

तिनं हात खाली घातला. फळी लागायला हवी होती. लागली नाही. हाताला वारा लागला. गरम, जोरदार वारा, धावत्या गाडीखालचा. तापलेल्या डांबराचा वास. आणि गाडी तर उभी होती.

मागच्या दाराची कडी खडखडली. कुणीतरी ती बाहेरून धरून ठेवत होतं.

आधी डोकं सोडायचं, मग साखळी. तेवढं तिला आठवलं. गाठ ओढ बसून घट्ट झाली होती. तिनं ती दातांनी सोडवली. गाठ सुटली... आणि टापा बंद झाल्या. एकदम.

मग ती मागे गेली. तिथं कुणी नव्हतं. कडी थंडगार होती, ऑगस्टमध्ये, हाताला चिकटेल इतकी. तिनं ती दोन्ही हातांनी उघडली, साखळी काढली आणि जिभेनं आवाज केला.

काहीच हललं नाही.

तिनं पुन्हा केला.

मार्बल एक पाऊल मागे आली. मग एक. मग रस्त्यावर उतरली आणि नेलच्या खांद्यावर सगळं डोकं टेकून उभी राहिली. नेलनं उजेड परत आत टाकला. फळ्या जिथल्या तिथं होत्या. वर पट्टा अंथरलेला. कोरडा.

भर रस्त्यात, रात्री, घोडं कधीही उतरवायचं नाही. हाही नियमच. नेलनं ट्रेलर उघडा टाकला, गाडी चरात तशीच सोडली, दोर हातात घेतला आणि चालायला लागली. घोडी लंगडत होती. चारी पायांनी. टोचल्यासारखी एकेक पाऊल टाकत होती.

चराच्या पलीकडून, अंधारातून, त्यांच्या बरोबरीनं कुणीतरी चालत होतं. जवळ येत नव्हतं. मागेही राहत नव्हतं. मधूनच तो आवाज यायचा. तसाच, समजावल्यासारखा.

"बिघडवलीस तिला."

थोड्या वेळानं पुन्हा.

"बिघडवलीस तिला..."

नेलनं हात घोडीच्या मानेवर ठेवला होता, तो काढला नाही. रोल्फच्या शेताचा फाटा आला, डांबर संपून खडी लागली, तेव्हा आवाज मागे राहिला. पहाटे ट्रॅक्टरच्या उजेडात रोल्फला दोघी कापलेल्या गवतातून येताना दिसल्या. आधी त्याला त्यांच्यातलं कोण कुणाला घेऊन येतंय ते कळेना, असं तो म्हणाला.

सकाळी त्यानं मला बोलावलं, घोडी पाय टेकवत नाही म्हणून. नाल मारायचं काम माझंच. मी पोचलो तेव्हा मार्बल अंगणात उभी होती आणि नेल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, दार उघडं टाकून, घोडीकडे तोंड करून बसली होती. तिच्या उजव्या पायाचा अंगठा आणि बोटं काळीनिळी झाली होती. तिनं मला सगळं सांगितलं. एकदाच. घोडी वाचेल का, एवढंच तिनं शेवटी विचारलं. मी म्हटलं, बघू दे.

मी पहिला पाय उचलून मांडीवर घेतला, आणि तेवढ्यात डिट्मरबाईंची गाडी फाटकातून आत आली. चर्चला निघाल्या होत्या, चांगले कपडे, टोपी. वाटेत चरातली गाडी आणि तो उघडा ट्रेलर त्यांनी बघितला होता. इंजिन बंद न करताच त्या उतरल्या आणि रोल्फला बोलायला लागल्या. मी सांगितलं होतं, हा डबा चरात जाणार. लाथ मारली म्हणून पोरगी घाबरली, थांबली, वर भर रस्त्यात जनावर उतरवलं. अशा मुलीच्या हातात घोडं द्यायचंच कशाला? रोल्फ रात्रभर जागा होता, तो कुंपणाला टेकून उभा राहिला. नेल उंबऱ्यावरून उठली नाही.

मी नाल काढला. सांडशीची गरजच पडली नाही. हातानंच निघाला.

जत्रेच्या आधी, मंगळवारी, मीच ते चारही नाल मारले होते. कोरे, माझ्या बोटाएवढ्या जाडीचे. आता हातात होता तो पत्रा होता. कागदासारखा. कडा सुरीसारख्या झालेल्या, खिळ्यांची डोकी घासून नाहीशी. धरला तर वाकत होता. मी दुसरा पाय बघितला. तिसरा. चौथा. सगळे तसेच. चार पावलं घरी चालत आल्यानं नाल असा होत नाही. मी आयुष्यभर हेच केलं आहे, आणि असा झिजलेला नाल मी त्याआधी बघितला नव्हता, त्यानंतरही नाही. खुरांना मात्र काही झालं नव्हतं. अगदी थोडक्यात राहिलं होतं. आणखी मैलभर, आणि...

मी नेलला म्हटलं, वाचेल. आठवडाभर मऊ जमिनीवर ठेव.

डिट्मरबाई बोलतच होत्या. मी तो नाल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, माझ्या हातात कचरा कशाला देतोस अशा चेहऱ्यानं. मग त्यांचं बोलणं एका शब्दावर अडलं. त्यांनी हातमोजा काढला. अंगठा नालाच्या कडेवरून फिरवला. घोडीकडे बघितलं, तिच्या उचललेल्या पायाकडे बघितलं. धावत्या गाडीबरोबर डांबरावरून धावल्याशिवाय नाल असा झिजत नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी स्वतः ती साखळी अडकवली होती. डाव्या खणात.

नेल त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी नेलकडे बघितलं नाही. नाल कुंपणाच्या खांबावर ठेवला, अलगद, मोडेल की काय अशा बेतानं. गाडी चालू होती, दार उघडं होतं. त्या गाडीकडे गेल्याच नाहीत. फाटकातून बाहेर पडल्या आणि त्या चांगल्या कपड्यांत, रस्त्याच्या कडेकडेनं, पायी चालत निघून गेल्या.